वजन मोजलंत, वारा राहिला

पत्र : अकरा वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले. त्यातली शेवटची चार वर्षं अर्जंट मालाची. कारखान्याची लाइन बंद पडलीय, सुट्या भागाची एक पेटी रातोरात पोहोचवायची, अशी कामं. आता धाकट्या भावाला जोडीला घेऊन स्वतःची गाडी बांधायची आहे. वहीभर आकडे काढलेत. ॲल्युमिनियमची चासी, कार्बन फायबरची बंद बॉडी, मागे जोड टायरांऐवजी रुंद एकेरी टायर, मिळेल तितकं छोटं इंजिन. स्टेपनी नाही, पलंग नाही. भाऊ सीटवरच झोपेल. सगळं मिळून एक टन वजन उतरतं. डिझेल निम्म्यावर यायला हवं. माझा मामा बॉडी बांधतो. त्याला वही दाखवली तर म्हणाला, ‘हे विमान आहे, ट्रक नाही. लोखंडाची पेटी ठोक आणि धंद्याला लाग.’ मामाचं ऐकू की वहीचं?

उत्तर : वही पाठवलीत हे बरं केलंत. दोनदा वाचली. वजनाचा रकाना इतका नेटका आहे की तुम्ही नटबोल्टसुद्धा तोलून लिहिलेत. वाऱ्याचा रकाना शोधत शेवटच्या पानापर्यंत गेलो, तो मात्र कुठे दिसला नाही. तुमचं डिझेल निम्म्याने तर सोडाच, दहाव्या हिश्शानेसुद्धा या वहीतून उतरणार नाही. आधी ते का, ते सांगतो. मामाकडे मग येऊ.

गाडी सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरने चालली आहे असं धरा, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. बॉडी पुढून पाहिली तर ७ चौरस मीटर जागा अडवते आणि तोंड चौकोनी आहे, म्हणून वाऱ्याच्या विरोधाचा गुणांक, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा, ०.६ घेऊ. हवा त्या गाडीला जवळजवळ १,५७५ न्यूटन जोराने मागे ढकलते. आता टायर. गाडी मालासकट ५ टनांची आणि टायर बऱ्या प्रतीचे रेडियल असतील तर त्यांचं घर्षण ३४० न्यूटनच्या आसपास. म्हणजे इंजिन जे काही ओढतं त्यातले पाचापैकी चार हिस्से वाऱ्याचे आणि एक हिस्सा वजनाचा. इंजिन डिझेलमधल्या उष्णतेपैकी ३८ टक्के चाकाला देतं असं समजलं, तर १०० किलोमीटरला १४ लिटर लागतील.

या हिशेबात आता तुमचा एक टन कमी करा. ७० न्यूटन वाचतात. १०० किलोमीटरला अर्धा लिटर. एवढ्यासाठी तुम्ही कार्बन फायबर विकत घेणार आणि भावाला सीटवर झोपवणार!

त्याच गाडीच्या पुढच्या कडा गोल करून, केबिन आणि बॉडीमधली फट बुजवून गुणांक ०.६ चा ०.५ केला तर जवळजवळ दोन लिटर वाचतात. छप्पर ३० सेंटिमीटर खाली आणलं तर एक लिटरहून जास्त. आणि काहीच न बांधता, नुसता पाय सैल सोडून ९० ऐवजी ८० ने गेलात तर सव्वादोन लिटरपेक्षा थोडं अधिक. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हे असं होतं.

तुमच्या धंद्यात तर ही गोष्ट दुप्पट लागू पडते. अर्जंट मालात बॉडी भरलेली कधी असते? एक पेटी, दोन पॅलेट (माल रचायच्या चौकटी), कधीकधी हातात धरता येईल असं खोकं, आणि परतीचा निम्मा रस्ता रिकामा. टायरला रिकामी गाडी हलकी लागते. वाऱ्याला आत माल आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला गाडीचं तोंड दिसतं. रिकाम्या फेरीत वाऱ्याचा वाटा पाचापैकी चाराच्याही वर जातो.

नासाच्या ड्रायडन केंद्रात १९७० च्या दशकात झालेली एक गोष्ट मला फार आवडते. एडविन साल्ट्झमन नावाचे तिथले अभियंते सायकलवरून कामाला जायचे. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी हवेचा धक्का त्यांना बाहेर ढकलायचा आणि ट्रक पुढे सरकला की त्याच्यामागे ओढल्यासारखं व्हायचं. आपल्यापैकी ज्यांनी हायवेवर सायकल चालवली आहे त्यांना हे ठाऊक आहे, पण आपण शिवी देऊन पुढे जातो. त्यांनी एक व्हॅन घेतली, तिला चारी बाजूंनी ॲल्युमिनियमचे पत्रे लावून बुटांच्या खोक्यासारखी चौकोनी केली आणि मग एकेक कड गोल करत मोजमाप घेतलं. पुढच्या-मागच्या उभ्या कडा गोल केल्यावर वाऱ्याचा विरोध ४० टक्क्यांनी उतरला, आणि आतली जागा गेली ती फक्त १.३ टक्के. आडव्या कडाही गोल केल्यावर घट ५४ टक्क्यांवर पोहोचली. तुमची गाडी अगदी खोक्यासारखी नसेल, केबिन आधीच थोडी गोलसर असते, म्हणून एवढा आकडा तुम्हाला मिळणार नाही. पण पैसा कुठे टाकायचा ते यावरून कळतं.

तर बॉडीचं तोंड. केबिनच्या वर डोकावणारा जो भाग असतो, त्याच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना वीतभर गोलाई द्या. हायवेच्या वेगाला तेवढी पुरते. त्यापुढे गोलाई वाढवली तर जागा जास्त जाते आणि फायदा थोडाच होतो. केबिनवर वारा वळवणारी टोपी लावणार असाल तर तिची वरची कड बॉडीच्या छपराशी जुळली पाहिजे. बाजारातली तयार टोपी आणून कशीबशी बसवलेले ट्रक रोज दिसतात. टोपी एक हात खाली आणि बॉडी एक हात वर! तो वारा टोपीवरून उडून थेट बॉडीच्या कपाळावर आदळतो. केबिन आणि बॉडी यांच्यातली फट, केबिन पुढे झुकवायला लागेल तेवढीच ठेवा. मागच्या दारांच्या कडांना १० ते १५ अंशांनी आत झुकणाऱ्या पट्ट्या लावता येतात आणि त्यांचा उपयोगही होतो, पण फलाटाला गाडी लावताना आधी त्याच मोडतात. त्या घडीच्या करता आल्या तर करा, नाहीतर पहिल्या वर्षी तो नाद सोडा.

छप्पर किती खाली आणायचं हे वहीत ठरवू नका. गेल्या चार वर्षांत वाहिलेल्या मालाची उंची आठवा, पावत्या असतील तर काढा. दहातले नऊ माल दोन मीटरच्या आत बसत असतील, तर अडीच मीटर उंचीची पोकळी रोज हवेतून ओढत नेण्यात अर्थ नाही. रुंदीचंही तसंच. पॅलेट बहुतेक १२०० बाय १००० किंवा १२०० बाय ८०० मिलिमीटरचे. दोन पॅलेट १००० च्या बाजूने शेजारीशेजारी बसवायचे तर आत २.०५ ते २.१ मीटर पुरतात. १२०० च्या बाजूने बसवायचे तर २.४५ लागतात. अरुंद बॉडी डिझेल वाचवते, पण ग्राहकाचा माणूस पॅलेट आडवा घालून बसला की भाडं हातातून जातं. मी स्वतः रुंदी सोडणार नाही, उंची सोडेन.

खालची बाजू मात्र जपून. छोटी चाकं लावून गाडी बुटकी केली की वारा कमी लागतो हे खरं, पण गोदामांचे फलाट साधारण १.२ मीटर उंचीचे असतात. तुमची फळी, म्हणजे बॉडीचा तळ, ९० सेंटिमीटरवर राहिली तर फोर्कलिफ्टवाला आत उतरणार नाही. मग माल उतरवायला मागे लिफ्ट लावावी लागते. दीड टन उचलणारी लिफ्ट स्वतःच ३०० ते ४५० किलोंची. वर वाचवलेलं खाली घालवलं.

आता वजन. त्याला मी क्षुल्लक म्हटलं असा समज करून घेऊ नका. वजनाची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिलं म्हणजे कायद्याची रेघ. जवळपास सगळीकडे एकूण पासिंग वजनाच्या (गाडी आणि माल मिळून मंजूर वजनाच्या) ठरावीक टप्प्यावर लायसन्स, कर आणि ड्रायव्हरच्या तासांचे नियम बदलतात. युरोपात ती मोठी रेघ ३.५ टनांवर आहे, अमेरिकेत लायसन्सची २६,००० पौंडांवर. तुम्ही ज्या रेघेखाली राहणार, तिच्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरेल तेवढाच तुमचा माल. गाडी ४०० किलोंनी हलकी केली तर ४०० किलोंची जास्तीची पेटी घेता येते, आणि एखादं भाडं नेमकं तेवढ्यावरच अडलेलं असतं. दुसरं म्हणजे घाट. एक टन वजन एक किलोमीटर उंच चढवायला पाऊण लिटरच्या आत-बाहेर डिझेल जातं आणि उतरताना ब्रेक दाबून आपण ते तापवून टाकतो. तिसरं, शहरातली थांबाथांबी. तुमचा धंदा लांब पल्ल्याचा, तेव्हा हे तिसरं सोडून द्या.

हलकेपणा हवाच आहे, फक्त तो बॉडीत मिळवा. चासीला हात लावू नका.

ॲल्युमिनियम लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाचं असतं हे बरोबर आहे, पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच असतो. तेवढंच ताठ राहायचं तर गज जास्त खोलीचे करावे लागतात आणि वजनातला निम्मा फायदा तिथेच जातो. दुसरी गोष्ट लोखंडवाल्या कारागिराच्या लवकर लक्षात येत नाही. ठरावीक ताणाच्या खाली ठेवलं तर लोखंड वर्षानुवर्षं हिसके सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नसते. छोटे हिसकेही त्याच्या हिशेबात साठत जातात. वेल्डिंगच्या आचेने तर कडक केलेलं ॲल्युमिनियम वेल्डच्या शेजारी पार मऊ पडतं. माझी पहिली ॲल्युमिनियम बॉडी मी लोखंडासारखीच वेल्ड केली होती. वेल्ड सुरेख दिसत होते, फोटो काढून ठेवले होते. पहिल्याच पावसाळ्यानंतर आडव्या पट्ट्यांना वेल्डपासून दोन बोटांवर तडे, एकाच ओळीत, शिवण उसवावी तसे. तेव्हापासून बॉडीला रिव्हेट, बोल्ट आणि चिकटवायचा गोंद. आणि जिथे ॲल्युमिनियम लोखंडाला टेकतं तिथे मध्ये रबर किंवा प्लास्टिकची पट्टी; नाहीतर पाणी शिरलं की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

चासी कारखान्यातली, लोखंडी आणि सध्या चालू असलेल्या मॉडेलची घ्या, जिचे ब्रेक लायनर आणि फिल्टर कुठल्याही महामार्गावर रात्री मिळतील. तुम्ही विकता ती वेळ. एकमेव नमुन्याची चासी रात्री दोनला मोडली तर तिच्या भागाची वाट पाहण्यात जेवढं नुकसान होईल, तेवढं डिझेल ती आयुष्यात वाचवणार नाही. चासी बनवणारे बॉडी बांधणाऱ्यांसाठी पुस्तिका काढतात, ती मागून घ्या आणि मामाच्या टेबलावर ठेवा. लांब गजांच्या वरच्या-खालच्या कडांना भोक पाडायचं नाही, गजांवर कुठेही वेल्ड मारायचा नाही, बॉडीवर वेल्डिंग करतानासुद्धा बॅटरीची तार काढायची, हे सगळं त्यात असतं. एक गोष्ट विशेष बघा. खड्ड्यातून जाताना चासी पिळते. ती पिळायलाच हवी. सँडविच पॅनलची (दोन पातळ पापुद्र्यांमध्ये फोम) पेटी मात्र हलकी असली तरी पिळत नाही. दोघींना पुढच्या टोकाला घट्ट आवळलंत तर पेटीचे पुढचे कोपरे फाटतात. पुढच्या आधारांना स्प्रिंग किंवा रबर द्या, घट्ट बोल्ट मागे.

बॉडीसाठी काचतंतूच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये फोम, असं सँडविच पॅनल. दोन पापुद्र्यांमधलं अंतर दुप्पट केलं की ताठपणा जवळजवळ चौपट होतो आणि वजन फक्त फोमचं वाढतं. कार्बन फायबर याहून हलकं, पण फोर्कलिफ्टचा काटा एकदा घुसला की दुरुस्तीला माणूस शोधत फिरावं लागेल. काचतंतूचं भोक कुठलाही होडी किंवा पाण्याची टाकी दुरुस्त करणारा बुजवून देतो. फळीत कंजुषी करू नका. हातगाडीवरच्या पॅलेटचा सगळा भार चार-सहा छोट्या चाकांवर येतो, पातळ सँडविच त्याखाली चिरडतं. फळीला वरून जाड प्लायवुड आणि खाली एकमेकींच्या जवळ बसवलेल्या आडव्या पट्ट्या. माल बांधायच्या कड्या पॅनलला लावू नका, आतून जाणाऱ्या धातूच्या पट्टीला लावा.

टायर जोडच ठेवा. एकेरी रुंद टायर थोडं डिझेल वाचवतो, पण तो फुटला की गाडी तिथेच बसते; जोडीतला एक गेला तर रिकामी गाडी सावकाश टायरवाल्यापर्यंत सरकते. कमी घर्षणाचे टायर घ्या आणि हवा दर आठवड्याला थंड टायरवर मोजा. स्टेपनीचा हिशेब मी तुमच्यासाठी केला : ६० किलोंचं चाक वाहायला १०० किलोमीटरला ३० मिलिलिटर डिझेल लागतं. खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं. ठेवा ते चाक.

इंजिनाबद्दल थोडक्यात. ७ टन एकूण वजन घेऊन ५ टक्क्यांचा चढ ताशी ६० ने चढायचा तर चाकाला ७७ किलोवॅट लागतात. १०५ ते १२० किलोवॅटचं इंजिन बरं, म्हणजे १४० ते १६० अश्वशक्ती. त्याहून छोटं घेतलंत तर ते चढावर धापा टाकत जास्तच पिईल. मागच्या डिफरन्शियलचा (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीचा) रेशो मात्र तुमच्या नेहमीच्या वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिन सर्वांत जास्त ओढ देतं त्या फेऱ्यांवर राहील असा मागा. बुकिंग करताना विचारलं तर अनेकदा पर्याय मिळतात, नंतर बदलणं महागात जातं.

आणि पलंग. वहीतली ही एक ओळ वाचून मला राग आला. दोघं आळीपाळीने चालवणार, म्हणून तर कोणी तुम्हाला अर्जंट माल देईल. सीटवर बसून झोपलेला माणूस पहाटे चारला स्टिअरिंगवर येतो तेव्हा तो झोपेतच असतो. आडवं होता येईल असा, कमीत कमी १.९ मीटर लांबीचा पलंग आणि झोपलेल्याला बांधणारा पट्टा, हे चासी ठरवण्याआधी ठरवा. पलंग केबिनमागे येतो म्हणजे वजन पुढच्या ॲक्सलवर येतं. एकूण वजन मर्यादेत आणि पुढचा ॲक्सल मर्यादेबाहेर, अशा गाड्या मी काट्यावरून परत येताना पाहिल्या आहेत.

इथेच एक मोठी बचत लपली आहे. मालाची वाट बघत तुम्ही किती तास इंजिन चालू ठेवून थांबता, आठवा. या आकाराचं डिझेल इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं तरी तासाला लिटर-दोन लिटर खातं. थंडीसाठी २ किलोवॅटचा डिझेल हीटर तासाला पाव लिटरच्या आतच भागवतो. उन्हाळ्यासाठी बॅटरीवरचा एसी : सरासरी ५०० वॅट धरले तर आठ तासांना ४ युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्यासाठी ४० किलोंच्या आत येते, शिसाची घेतली तर २०० किलोंच्या वर. पाहिलंत ना, तुमचं वजन कमी करायचं वेड इथे कामी आलं असतं.

रिकाम्या हलक्या गाडीचा एक धोकाही सांगून ठेवतो. साडेसहा मीटर लांब बॉडीवर ताशी ९० किलोमीटरचा आडवा वारा आला तर बाजूने ६५० किलोंचा धक्का बसतो. उघड्या पुलावर, ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना तो एकदम लागतो. उंची कमी ठेवण्याचं हेही एक कारण. अशा दिवशी वेग कमी करा आणि उशीर होईल असं ग्राहकाला आधीच कळवा.

वेगावरून आठवलं. ६०० किलोमीटर ९० ने कापले तर सहा तास चाळीस मिनिटं, ८० ने साडेसात तास. पन्नास मिनिटांचा फरक. काही मालांत ती पन्नास मिनिटं जीव की प्राण असतात, तिथे जा ९० ने. पण गेटवर तीन तास आधी पोहोचून सिक्युरिटीशी गप्पा मारत बसलेले अर्जंट ड्रायव्हर मी कमी पाहिले नाहीत.

मामांकडे येऊ. चासी, स्टेपनी आणि ‘हे विमान आहे’ या तिन्ही बाबतींत मामा बरोबर आहेत. लोखंडाच्या चौकोनी पेटीबाबत नाहीत. पण बॉडी त्यांच्याकडूनच बांधून घ्या, कारण पहिल्या वर्षात ती दहा वेळा किरकोळ दुरुस्तीला येणार आणि रात्री शटर उघडणारा दुसरा कोणी तुम्हाला भेटणार नाही. पॅनल कापलेले तयार मागवा, जोडणी त्यांनी करावी. वही त्यांच्यासमोर पुन्हा उघडताना वजनाच्या पानापासून सुरुवात करू नका. कोऱ्या पानावर बॉडीचं तोंड काढा, कडेला वीतभर गोलाई आखा आणि एवढंच विचारा की ही गोलाई ते कशात वळवून देतील. काय म्हणाले ते मला कळवा. पलंगाचं माप घ्यायला मात्र भावालाच आडवं करा, त्याची उंची तुम्ही पत्रात लिहिलेली नाही.